बघायची राहिलेली कॅसेट

आमचे हे सरळ डोक्याचे आहेत हे मला लग्नानंतर महिन्याभरातच कळलं. सरळ डोक्याच्या माणसाबरोबर संसार करणं किती वाकडं काम असतं, ते मात्र पुढे हळूहळू कळत गेलं. हे पुस्तकं छापणाऱ्या एका मोठ्या संस्थेत परवानगी विभागात होते. कुणाला त्यांच्या पुस्तकातला उतारा, एखादं चित्र किंवा नकाशा आपल्या पुस्तकात घ्यायचा असला, तर त्याने ह्यांना पत्र लिहायचं आणि ह्यांनी हो किंवा नाही म्हणायचं. नोकरीभर ह्यांनी दुसरं काही केलं नाही. गल्लीत ह्यांना परवानगीसाहेब असं नाव पडलं होतं, आणि लोक ते चेष्टेने म्हणतात हे कळूनही ह्यांना ते आवडायचं.

घरातही तोच कारभार. एका मासिकात स्वेटरचा छान नमुना आला होता. तो मी शेजारणीसाठी कागदावर उतरवून घ्यायला बसले, तर हे चष्म्यावरून बघत म्हणाले, "विचारलंस का?"

"कुणाला? तिनेच तर मागितलाय."

"तिला नाही. मासिकवाल्यांना."

मी कपाळाला हात लावला. शेवटी ह्यांनीच मासिकवाल्यांना पत्र टाकलं. होकार आला, नाही असं नाही, पण तोवर शेजारीण दुकानातून स्वेटर विकत आणून घालून फिरायलाही लागली होती. असा माणूस.

हे निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी मिळून ह्यांना व्हीसीआर दिला. देणाऱ्यांनी काय विचार केला होता देव जाणे. मशीन खोक्यातून बाहेर यायच्या आधीच ह्यांनी मला समोर बसवून कायदा समजावला. कार्यक्रम लागतो त्या वेळी आपल्याला सवड नसेल तर तो भरून ठेवायचा आणि सवडीने बघायचा, इथवर ठीक. बघून झाला की पुसायचा. साठवायचा नाही, त्याची प्रत काढायची नाही आणि काढलेली प्रत कुणाला द्यायची तर मुळीच नाही. "मशीन आपलं, कॅसेट आपली, पण कार्यक्रम त्यांचा," असं म्हणाले, आणि मग वायर जोडली.

लोकांकडे कपाटं भरून कॅसेटी असायच्या. आमच्याकडे मोजक्याच, आणि त्याच पुन्हा पुन्हा वापरायच्या. कार्यक्रम बघून संपला, की हे चहाचा कप खाली ठेवण्याआधी त्याच्यावर दुसरं काहीतरी भरायला लावायचे. एकदा माझ्या भाचीचं शाळेतलं समूहगान टीव्हीवर लागलं होतं. आम्ही कौतुकाने बघितलं आणि संध्याकाळपर्यंत भाचीच्या जागी बटाट्यावरच्या किडीची माहिती आली. बहीण माझ्याशी महिनाभर धड बोलत नव्हती.

आता मास्तरांचं सांगते. आमच्या बैठकीच्या खोलीच्या बरोबर खाली मास्तरांचं शिवणाचं दुकान होतं. दिवसभर जमिनीतून त्यांच्या मशीनचा आवाज वर यायचा. आवाज थांबला की समजायचं, मास्तर कुणाला तरी काहीतरी सांगत बसलेत. माणूस बोलका. आणि काहीही विचारलं तरी सुरुवात ठरलेली, "त्याचं असं आहे." एवढं म्हणून कात्री खाली ठेवली, की गिऱ्हाइकाने समोरच्या स्टुलावर बसून घ्यावं हे उत्तम. ह्यांचं आणि मास्तरांचं चांगलं जमायचं, कारण मास्तरही ह्यांच्याच जातकुळीतले. कापडातून उरलेली चिंधीसुद्धा पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत देणार. लोक म्हणायचे, अहो ठेवा की, काय करायची आम्हाला. तर म्हणायचे, "मी शिवायला घेतलं, ठेवायला नाही."

मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सगळ्या बाबतीत सुखी, एवढी एक तक्रार सोडून. त्यांचं स्वतःचं कापड कायम दुकानातल्या वरच्या फळीवर पडलेलं असायचं. "सगळ्या गावाचे कपडे होतील, गिऱ्हाइकं संपली की माझा नंबर," असं त्या म्हणायच्या आणि मास्तर हसून मशीन चालू करायचे.

तर एकदा ह्या मास्तरांच्या दुकानात टीव्हीवाले आले. दुपारी अर्धा तास एक कार्यक्रम लागायचा, त्यात दर आठवड्याला एका कारागिराला दाखवायचे. कधी कुलूपवाला, कधी घड्याळजी, तसे आमचे मास्तर. त्या दिवशी दुकानात दिव्यांचा असा काही उजेड पडला की मास्तरांना स्वतःच्या सुईत दोरा ओवता येईना. अंगात ठेवणीतला कोट, गळ्यात टेप, आणि भोवती आम्ही सगळे दारात. आम्हाला आतलं बोलणं काही ऐकू आलं नाही, कारण त्यांच्यातला एक माणूस आम्हाला सारखा गप्प करत होता.

कार्यक्रम लागायचा दिवस आला तो नेमका शाळेच्या गणवेशांच्या घाईत. दुकानात टीव्ही नाही. वहिनी गेलेल्या लेकीच्या बाळंतपणाला, आणि लेकीच्या गावी ही वाहिनी दिसत नाही. मास्तर सकाळीच वर आले आणि ह्यांना म्हणाले, "साहेब, तेवढं भरून ठेवा. घाई संपू दे, ही पण येऊ दे, मग आपण चौघं एकत्र बसून बघू."

ह्यांनी भरलं. आणि भरताना टीव्हीचा पडदा बंद ठेवला. मी म्हटलं, "अहो, मी तरी बघते." तर म्हणाले, "चौघांनी बघायचं ठरलंय." मी भाजी आणायला निघून गेले. एवढं रागवायचं काय कारण होतं आता कळत नाही, पण मी रागावले होते खरी.

गणवेशांची घाई संपत आली होती. एका दुपारी खालच्या मशीनचा आवाज थांबला. मी मनात म्हटलं, बसले असतील कुणाला सांगत. बऱ्याच वेळाने जिन्यातून हाका आल्या. मास्तर मशीनवर डोकं टेकून गेले होते, पायाशी अर्धा शिवलेला शाळेचा शर्ट होता. मी ते दृश्य विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे.

वहिनी आल्या, दिवस झाले, आणि लेक त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. पुढे काही महिन्यांनी त्या परतल्या. म्हणाल्या, तिकडे सगळं चांगलं आहे, पण माझी कढई इथे आहे. दोन-चार दिवसांनी त्या आमच्याकडे वर आल्या. इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग पदराशी चाळा करत विचारलं, "ताई, भाऊजींनी ते भरून घेतलं होतं ना? ह्यांचं?"

आमच्या घरात भाचीची बटाट्याची कीड होते, तिथे मास्तर कुठे राहणार? मी नुसतीच ह्यांच्याकडे बघत राहिले. वहिनी सांगत होत्या की घरात मास्तरांचे फोटो आहेत, पण सगळे फोटोवाल्याने सरळ बसा म्हटल्यावर काढलेले. आवाज कुठेच नाही. "नातू झालाय, त्याला आजोबांचा आवाज कसा होता ते सांगता येत नाही मला. मी तोंडाने करून दाखवते तर लेक हसते." त्या हसून सांगत होत्या, पण त्यांना ते किती हवं होतं हे कळायला शहाणपण लागत नव्हतं.

हे उठले आणि आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. हे परत आले ते हातात कॅसेट घेऊन. तिच्यावर ह्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती, बघायचे आहे.

"मी बघितली नाही अजून," हे म्हणाले. "बघितली असती तर पुसावी लागली असती."

एवढंच बोलले. इतके महिने हा माणूस ती कॅसेट स्वेटरांखाली ठेवून होता, आणि बघायचा मोह टाळत होता, का तर एकदा बघितली की मास्तरांवर दुसरं काहीतरी भरावं लागेल. मला हे फार आवडले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असं वाटतं तेव्हा जरा ओशाळल्यासारखंच होतं.

पण आमच्याकडे आनंद फार वेळ टिकत नाही. वहिनी म्हणाल्या, "मग भाऊजी, लेकीसाठी हिची एक प्रत काढून मिळेल?" आणि हे म्हणाले, "नाही, वहिनी. ते मला करता येणार नाही."

मी तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, अहो, नवरा त्यांचा, आवाज त्यांच्या नवऱ्याचा, दुकान त्यांचं, आणि टीव्हीवाल्यांचं काय त्यात? दिवे तेवढे त्यांचे. हे शांतपणे म्हणाले की कार्यक्रम त्यांनी बनवलाय, तेव्हा त्यांना विचारायला हवं, मी आजच पत्र लिहितो. मी म्हटलं, तुमचं पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत नातू मिशा फुटून कॉलेजात जाईल. त्यावर वहिनीच म्हणाल्या, "लिहू दे, ताई. आज बघू तरी."

आम्ही तिघं बसलो. कॅसेट आत गेली, आणि थोडी खरखर झाल्यावर मास्तर आले. कोटात, गळ्यात टेप, कानावर खडू. वहिनींनी तोंडावर हात धरला. मास्तर कापडावर खडूने रेघ ओढत होते, कात्री चालवत होते आणि तोंडाने अखंड बोलत होते. मुलाखत घेणारी मुलगी बिचारी एक विचारायची, मास्तर चार सांगायचे. वाढत्या अंगाच्या पोरांसाठी शिलाईत कापड कसं दुमडून ठेवायचं, ते त्यांनी इतकं रंगून सांगितलं की आम्ही हसायला लागलो. वहिनी रडतही होत्या आणि मधेच म्हणाल्या, "कॉलर बघा कशी वर गेलीय. मी जवळ असते तर नीट केली असती."

कार्यक्रम संपत आला तसं त्या मुलीने हसून विचारलं, "मास्तर, सगळ्यांचे कपडे शिवता, मग घरच्यांचे कधी शिवता?"

मास्तर हसले. कात्री खाली ठेवली. म्हणाले, "त्याचं असं आहे..."

आणि आमच्या ह्यांनी बटण दाबून कॅसेट थांबवली.

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या, मी ह्यांच्याकडे. हे मान खाली घालून म्हणाले, "शेवटपर्यंत बघितली तर बघून झाली असं होईल. थोडी राहिली आहे तोवर ती बघायचीच आहे." मग जरा थांबून, "राहिलेली बघायला आपण परत पहिल्यापासून लावू शकतो. त्याला हरकत नाही."

ह्या माणसाने आयुष्यात कायद्यातून पळवाट काढल्याचं मी ऐकलं नव्हतं. ही पहिलीच, आणि तीसुद्धा इतकी अवघडून काढलेली, की बोलून झाल्यावर कान लाल झाले होते. पण मास्तर तिथे तोंड उघडून थांबलेले आणि मला उत्तर ऐकायची घाई. मी खूप तणतणले. वहिनी तेवढ्या घरी जायला उठल्या. जाताना म्हणाल्या, "परत लावणार ना भाऊजी?"

मग तो नेमच पडला. दर रविवारी दुपारी वहिनी वर यायच्या, आम्ही मास्तरांना बघायचो आणि "त्याचं असं आहे" म्हटलं की हे बटण दाबायचे. आम्हाला सगळं पाठ झालं. शिलाईतलं कापड दुमडायची जागा आली की वहिनी मास्तरांच्या आधी बोलायच्या. त्या एकट्या घरातून आमच्याकडे यायला निघायच्या तेव्हा केस नीट विंचरून निघायच्या, हे मी बघत होते. रविवारी दुपारी त्यांचा चेहरा निराळाच असायचा.

माझा धीर मात्र सुटत चालला होता. कोपऱ्यावर कॅसेटी भाड्याने देणारा एक होता. त्याच्यापाशी मी सहज विषय काढला तर म्हणाला, "काकू, आणा की. बसल्या बसल्या काढून देतो, पैसेसुद्धा नकोत." हे दाढी करायला गेलेले बघून मी कॅसेट पिशवीत घातली आणि वहिनींच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, चला, पायात घाला. ह्यांना कळायच्या आत परत ठेवते.

वहिनींनी पिशवीकडे बघितलं आणि मला आत बसवलं. "नको ताई," त्या म्हणाल्या. "माझ्या माणसाने कुणाची चिंधी ठेवली नाही. त्यालाच असं चोरून घरी आणू?"

मी म्हटलं, "आणि त्यांनी नाहीच म्हटलं तर?"

"तर रविवार आहेच की."

मी कॅसेट नेऊन स्वेटरांखाली ठेवली.

ह्यांची पत्रं चालूच होती. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की आपलं पत्र योग्य विभागाकडे पाठवलं आहे. हे खूश झाले, म्हणाले, "आमच्याकडेही आम्ही असंच लिहायचो." तिसऱ्या पत्राच्या वेळी ह्यांनी मला मसुदा वाचून दाखवला. त्यात कलमं होती, विनंती होती, आणि शेवटी एक ओळ होती, की सदर कारागीर माझे मित्र होते. मी म्हटलं, ही ओळ सगळ्यात वर घ्या. हे म्हणाले, पत्रात असं वर घेत नाहीत. पण घेतली.

त्याला मात्र उत्तर आलं. हे दारातच उभं राहून वाचत होते, पोस्टमन जाऊन जिना उतरला तरी आत येईनात. कुटुंबाच्या खाजगी वापरासाठी एक प्रत काढायला परवानगी होती, आणि मूळ भरलेली कॅसेट आमच्याकडे जपून ठेवायलाही होती. खाली कुणा अधिकारी बाईंची सही होती. ह्यांनी जन्मभर लोकांना परवानग्या दिल्या, पण मिळालेली परवानगी एवढ्या आनंदाने वाचताना मी ह्यांना पहिल्यांदा बघितलं. मग त्या कोपऱ्यावरच्या माणसाकडून दुसरं मशीन आणलं, पत्र टेबलावर वजन ठेवून मांडलं, आणि ह्यांनी प्रत काढली. टीव्हीचा पडदा बंद. दोन मशीनं घरघरत होती आणि आम्ही तिघं काळ्या पडद्याकडे बघत बसलो होतो. प्रत दुसऱ्या दिवशी लेकीकडे रवाना झाली.

त्यानंतरच्या एका रविवारी नेहमीसारखे बसलो. ह्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मास्तर आले, रेघ ओढली, कापड कापलं, शिलाई दुमडली. मुलीने विचारलं, "मग घरच्यांचे कधी शिवता?" मास्तर हसले. कात्री खाली ठेवली. ह्यांचे हात मांडीवर, बटणापासून लांब. मी खुर्चीच्या टोकावर आले.

"त्याचं असं आहे..."

"थांबवा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

हे इतके दचकले की ह्यांना बटण सापडेना. मीच उठून दाबलं. पडदा निळा झाला.

"वहिनी," हे म्हणाले, "आता परवानगी आहे आपल्याला. पुसायची नाही कॅसेट, कधीच नाही. शेवटपर्यंत बघता येईल."

"परवानगी त्यांची आहे," वहिनी म्हणाल्या. "माझी नाही."

मग त्या सावकाश बोलायला लागल्या. लेकीने सगळं बघितलंय. तिने फोनवर, आई, बाबा शेवटी काय म्हणाले माहितीय का, असं म्हणायला सुरुवात केली, तर वहिनींनी तिला तिथल्या तिथे गप्प बसवलं. "जन्मभर गिऱ्हाइकं संपली की माझा नंबर, असं चाललं आमचं. मी चिडायचे, पण खरं सांगू, ते आता येतील, आता माझं कापड घेतील, अशी वाट बघण्यात बरंही वाटायचं. आता त्यांच्याकडून यायचं राहिलंय ते हे एवढंच. ते ऐकलं की मग काही यायचंच नाही." त्यांनी डोळे पुसले, पण आवाज स्वच्छ होता. "चांगलंच म्हणाले असतील. माहितीय मला. म्हणून तर घाई नाही."

मी काहीतरी बोलणार होते. उत्तर ऐकण्यासाठी इतके महिने सगळ्यात जास्त जीव माझाच खालीवर होत होता. पण त्या निळ्या पडद्याकडे त्या अशा बघत होत्या, की मला ते उत्तर नकोसंच झालं. राहू दे, असं मलाही मनापासून वाटलं.

ह्यांनी कॅसेट सुरुवातीपर्यंत मागे नेली. मग हातात ती घेऊन वहिनींसमोर उभे राहिले आणि ऑफिसातल्या त्यांच्या त्या सुरात विचारलं, "पुढच्या रविवारी लावू का, वहिनी?"

वहिनींनी जरा विचार केला.

"लावा," त्या म्हणाल्या. "पण इथपर्यंतच."